टिकल्यांचं पाकीट

आमच्या गणेश मंडळाच्या परवाच्या बैठकीत काय झालं ते सांगायला नको. देखावा ठरला, म्हणजे अध्यक्ष बंड्याने ठरवला.

"ह्याला चर्चा म्हणत नाहीत," चहाच्या टपरीवर मीनल म्हणाली. "बंड्या बोलतो, बाकीचे माना डोलावतात."

"मग बोला ना! तोंडाला कुलूप घातलंय का कुणी?" पलीकडचा रिक्षावाला वळून बघायला लागला. बंड्याचा खासगी आवाजही एवढाच.

श्रीकांत "माझं म्हणणं..." एवढं म्हणेपर्यंत बंड्या धुराच्या यंत्रावर पोचलासुद्धा. त्या वर्षी ऐन आरतीत बाप्पाच दिसेनासे झाले होते, हे अप्पांनी नेमाने काढलं.

"कुलूप तूच," मीनल. "एक बोलत असताना बाकीच्यांनी आपली कल्पना डोक्यात धरून बसायचं. धरून बसलं की नवी सुचत नाही, आणि पाळी येईतो जुनी विसरते. अमेरिकेत येल विद्यापीठात 1958 सालीच तपासून झालंय. चौघं एकत्र बसवले, दुसरे चौघं वेगवेगळे. वेगळ्यांच्या कल्पना एकत्र करून सारख्या वजा केल्या, तरी जवळपास दुप्पट भरल्या."

"म्हणजे बैठक बंद?" अप्पा.

"बैठक चालू, तोंड बंद. सहा जण, सहा कागद. प्रत्येकावर तीन रकाने, सहा ओळी. पाच मिनिटांत पहिल्या ओळीत तीन कल्पना, की कागद उजवीकडे. आलेला कागद वाचायचा, खाली आणखी तीन. वरच्यात भर घाला नाहीतर नव्या काढा. सहा फेऱ्या, अर्धा तास, 108 नोंदी. रोरबाख नावाच्या जर्मन माणसाची पद्धत, 1968 ची."

"108! जपमाळच की."

"बऱ्याच सारख्या निघतात, अप्पा. आणि फसतं कुठे, तर नाव घातलं की. अध्यक्षांचा कागद ओळखू आला, की खाली सगळे 'छान, लायटिंग वाढवू.' म्हणून नाव नाही, पेनं एका रंगाची. नुसतं 'पर्यावरण' लिहिलं तर पुढचा अडतो. 'सायकलच्या जुन्या चाकांचं मखर' असं लिहायचं. मग कागद भिंतीला, माणशी तीन टिकल्या, पटेल तिथे चिकटवा. अध्यक्ष शेवटी."

"मी नाही टिकल्या लावणार," बंड्या.

"नको लावूस. घरी तरी ऐकतोस का? वहिनी बोलता बोलता थांबतात, ते संपलं म्हणून नव्हे. एकाचं थांबलं की दुसऱ्याचं सुरू व्हायला सरासरी सेकंदाचा पाचवा हिस्सा लागतो, दहा भाषांत मोजलंय. श्रीकांतला दोन सेकंद लागतात. तू त्या फटीतून ट्रक काढतोस."

बंड्या पहिल्यांदाच गप्प झाला. मीनलने लगेच सावरलं: मध्ये घुसणं हा काही जणांचा उत्साह असतो, अपमान नव्हे, पण समोरच्याला ते कळायला हवं ना. प्रश्न विचारलास की मनात चार आकडे मोज. मला तिचं पटलं. बंड्याशिवाय वर्गणी जमत नाही, हेही तितकंच खरं.

"बरं, एक, दोन, तीन, चार. बोल रे श्रीकांत!"

श्रीकांतने टपरीवरच्या वर्तमानपत्राचा कोपरा फाडला, शांतपणे लिहिलं आणि उजवीकडे सरकवला. अप्पांनी चष्मा लावून मोठ्याने वाचलं:

"तीन दिवसांचा चहा बंड्याकडे. देखाव्याचं नंतर."

टपरीवाल्याने लगेच वही काढली.