पंगतीत एआयवर बोलायचंय? थोडं मार्गदर्शन

मागच्या रविवारी एका मुंजीला गेले होते. कार्यालय नेहमीचंच, पार्किंगची बोंब नेहमीचीच, आणि पानावर बसतोय, अजून वरणभातावर तूप पडायचंय, तेवढ्यात समोरून आमच्या नात्यातले एक मेहुणे (नणंदेच्या जावेचे धाकटे भाऊ, त्यांना मेहुणे म्हणतात की नाही हे एआयलाच विचारा) भर पंगतीत मोठ्यांदा म्हणाले, "काय वहिनी, एआय आल्यावर तुमचं दुकान आता बंदच ना?"

मी बावीस वर्षं इंग्रजीतून मराठीत भाषांतरं करते. त्यावर घर चालतं. आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ना त्याला काळजी म्हणत नाहीत, वाढपी जिलबीचं ताट घेऊन आपल्या रांगेत वळला की होतो तसा चेहरा होता तो.

तेव्हापासून वाटतंय की आपल्याकडे या विषयावर बोलणारे लोक भरपूर आहेत, पण बिचाऱ्यांना मार्गदर्शन नाही. ज्याला जसं सुचेल तसं बोलतो. म्हणून म्हटलं आपणच चार टिपा द्याव्यात. पुढच्या लग्नसराईत उपयोगी पडतील.

सुरुवात नेहमी समोरच्याच्या नोकरीपासून करावी, आपल्या नव्हे. आपल्या कामाबद्दल कुणी विचारलंच तर "आमच्या फील्डमध्ये ह्युमन टच लागतो हो" एवढं म्हणून पापड मोडावा. मी त्या दिवशी पंगतीत मोजलं, एक सीए, एक विमा एजंट, एक इंटिरियरवाले आणि एक रिटायर्ड बँकवाले (यांना काय टच लागतो देव जाणे), सगळ्यांच्या कामाला ह्युमन टच लागतो. टच न लागणारी मी एकटीच.

दुसरं म्हणजे साल सांगा. "पुढे कधीतरी" असं म्हणणाऱ्याला कुणी मठ्ठासुद्धा विचारत नाही. "२०२७ पर्यंत सगळं संपलं" असं ठणकावून सांगायचं. चुकलं तर काय? काही होत नाही. जेफ्री हिंटन म्हणून या विषयातले पितामह आहेत, त्यांनी २०१६ साली सांगितलं होतं की रेडिओलॉजिस्टना शिकवणं आताच बंद करा, पाच वर्षांत, फार तर दहा, मशीन त्यांच्यापेक्षा चांगलं काम करेल. पाच वर्षं २०२१ मध्ये संपली. परवा सासऱ्यांचा एमआरआय केला तर काउंटरवरची मुलगी म्हणते, "रिपोर्ट उद्या संध्याकाळी, रेडिओलॉजिस्ट सर आले नाहीयेत." आणि हिंटनना २०२४ मध्ये फिजिक्सचं नोबेल मिळालं. माणूस थोर आहे, त्याबद्दल वाद नाही, माझा मुद्दा एवढाच की भविष्य चुकल्याने कुणाचं काही अडत नाही, तेव्हा बिनधास्त सांगा. तो सल्ला ऐकून ज्या कुणा पोराने रेडिओलॉजी घेतलीच नाही, त्याचं काय ते त्याचं तो बघेल.

थोरामोठ्यांची नावं घ्यावीत, पण त्यांनी पुढे काय केलं ते सांगू नये. म्हणजे मार्च २०२३ मध्ये इलॉन मस्कसकट हजारो लोकांनी सही केली की बाबांनो मोठी मॉडेल्स बनवणं सहा महिने थांबवा, धोका आहे, इथपर्यंत सांगायचं. त्याच जुलैत मस्कने स्वतःची एआय कंपनी जाहीर केली, हे नाही सांगायचं. किंवा एआय बनवणाऱ्या अँथ्रॉपिक कंपनीचे प्रमुख डारिओ अमोडेई मे २०२५ मध्ये म्हणाले की एक ते पाच वर्षांत ऑफिसातल्या सुरुवातीच्या पायरीवरच्या निम्म्या नोकऱ्या जाऊ शकतात, हे डोळे मोठे करून सांगायचं, पण ते ज्या वस्तूबद्दल सावध करतायत ती वस्तू त्यांच्याच दुकानात मिळते हे गाळायचं. आमच्या गल्लीत कुत्र्यांपासून सावध राहा अशी पाटी लावणाऱ्याचाच कुत्रा मोकळा असतो, त्यातलाच प्रकार.

चॅटजीपीटीकडून घिबली कार्टूनच्या स्टाईलमध्ये फॅमिली फोटो करून डीपीला लावून झाल्यावरच डेटा प्रायव्हसीवर बोलावं.

आशावादी दिसायचं असेल तर एआय वापरून पिकवलेल्या बारामतीच्या उसाचं उदाहरण द्यावं, आपण शेवटचा ऊस रसवंतीत पाहिला असला तरी.

भीती आणि आशा एकाच घासात खाता आली पाहिजे. "मानवजातच धोक्यात आहे हो" म्हणायचं आणि लगेच "म्हणून आमच्या चिन्मयला एआय-डीएसला घातला, मॅनेजमेंट कोट्यातून." मानवजात गेली तरी चिन्मयचं प्लेसमेंट झालं पाहिजे.

हिंजवडीतल्या कुणाची नोकरी गेली असेल तर "अपस्किल करायला हवं होतं" असं त्याच्या आईला सांगावं. टीसीएसने जुलै २०२५ मध्ये बारा हजारांच्या वर माणसं कमी करणार म्हणून जाहीर केलं तेव्हा कंपनीने सांगितलं की हे एआयमुळे नाही, स्किल जुळत नाहीत म्हणून. बरं झालं सांगितलं. ईएमआय तुंबलेला असताना कारण नीट माहीत असलेलं बरं.

"कॉम्प्युटर आले तेव्हाही लोक असंच ओरडत होते, काय झालं? उलट नोकऱ्या वाढल्या!" हे वाक्य पाठच करून ठेवा, कुठेही चालतं. माझे वडील छापखान्यात कंपोझिटर होते. खिळे जुळवायचे, उलटी अक्षरं सुलट वाचायचे. डीटीपी आलं, म्हणजे जुळणी कॉम्प्युटरवर गेली. नोकऱ्या वाढल्या, खरंच वाढल्या, पण त्या वडिलांना नाही मिळाल्या, शेजारच्या गल्लीतल्या विशीतल्या पोराला मिळाल्या. वडील नंतर एका स्टेशनरीच्या दुकानात उभे राहायचे. पण हे पंगतीत सांगण्यासारखं नाही, लोकांची बासुंदी बेचव होते.

आता पाचवी का सहावी, जी काय असेल ती टीप, ही सगळ्यात महत्त्वाची. "फक्त नजर फिरवा" म्हणायला शिका.

हा वाक्प्रचार सध्या आमच्या धंद्यात फार चालतो. पूर्वी एजन्सीकडून इंग्रजी फाईल यायची, मी मराठी करायचे, शब्दाला सव्वा रुपया. आता फाईल मराठी होऊनच येते, मशीनने केलेली, आणि सोबत पीएमचा, म्हणजे प्रोजेक्ट मॅनेजरचा, मेसेज, "मॅम एमटीपीई आहे, ऑलमोस्ट परफेक्ट आहे, फक्त नजर फिरवा, ईओडी द्या." (एमटीपीई म्हणजे मशीनच्या भाषांतरावर माणसाने हात फिरवायचा, ईओडी म्हणजे आज दिवस संपायच्या आत.) शब्दाला पस्तीस पैसे. ऑलमोस्ट परफेक्ट आहे ना, मग दर कशाला पूर्ण?

तर मुंजीच्या आधीच्या आठवड्यात अशीच एक फाईल आली. नव्या औषधाच्या चाचणीचं संमतीपत्र, म्हणजे पेशंटला वाचायला देतात, न वाचता येणाऱ्याला साक्षीदारासमोर वाचून दाखवतात आणि मग सही किंवा अंगठा घेतात, ते. अठ्ठेचाळीस पानं. चाचणीत पेशंटचे गट पाडतात त्याला इंग्रजीत हात म्हणतात, तर एका पानावर नीट 'गट' लिहिलेलं आणि पुढच्याच पानावर "तुम्हाला दोनपैकी एका हातात ठेवले जाईल." कुणाच्या? एके ठिकाणी "काळ्या डांबरी रंगाचे स्टूल दिसल्यास ताबडतोब डॉक्टरांना कळवा." आमच्या स्वयंपाकघरात आहे एक, माळ्यावरचे डबे काढायला, कळवू का?

पण खरं सांगते, या चुकांचा मला राग नाही. त्या हसून दुरुस्त होतात, कुणालाही दिसतात. भीती गुळगुळीत वाक्यांची वाटते. एकतिसाव्या पानावर अगदी शुद्ध, ऱ्हस्वदीर्घासकट निर्दोष वाक्य होतं: "डॉक्टरांनी सांगितले नसल्यास तुमची नेहमीची औषधे बंद करा." मी पुढे गेले. दोन वाक्यं पुढे गेले आणि मग मागे आले, कारण काहीतरी खटकलं. मूळ इंग्रजीत होतं, डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय तुमची नेहमीची औषधं बंद करू नका. बरोब्बर उलटं! बीपीची गोळी, साखरेची गोळी, फिटची गोळी, डॉक्टर काही बोलले नाहीत ना, मग करा बंद. पस्तीस पैसे शब्द आणि ईओडी, म्हणजे तासाला किती पानं होतात याचा हिशोब तुम्हीच करा, आणि मग सांगा नजर फिरवणं म्हणजे काय. मराठीत नजर फिरवणं म्हणजे दुसरीकडे बघणं पण होतं, बहुतेक तेच अपेक्षित असावं.

पुढचं ऐका. असल्या कागदांची एक तपासणी असते, मराठीचं परत इंग्रजी करून मूळ इंग्रजीशी ताडून बघायचं. ते पूर्वी दुसरा माणूस करायचा, ज्याने मूळ पाहिलेलं नसायचं, त्यातच सगळी गंमत होती. आता ते पण मशीनच करतं. आणि या वाक्याचं उलट इंग्रजी कसं आलं? एकदम बरोबर आलं! चुकीच्या मराठीवरून बरोबर इंग्रजी. असं वाक्य अशा कागदात कसं असायला हवं हे त्याला पाठ, समोर काय लिहिलंय ते कशाला वाचेल? न्यूयॉर्कमध्ये २०२३ साली एका वकिलाने चॅटजीपीटीने बनवलेले खोटे खटले कोर्टात दाखल केले होते, त्याने आधी खात्री करून घेतली होती बरं का, चॅटजीपीटीलाच विचारलं होतं की हे खटले खरे आहेत का, आणि तो म्हणाला हो. पाच हजार डॉलरचा दंड झाला. वकिलांना झाला हां, चॅटजीपीटीला नाही.

मी दुरुस्ती केली. लाल करून, खाली टीप लिहून, की अर्थ उलटा होतोय, पेशंटच्या जिवाशी खेळ आहे. दुसऱ्या दिवशी फीडबॅक आला: "मॅम, प्रेफरेन्शियल चेंजेस टाळा."

प्रेफरेन्शियल म्हणजे आवडीनिवडीचे. म्हणजे मला 'बंद करू नका' आवडतं आणि मशीनला 'बंद करा' आवडतं, ज्याची त्याची आवड, एखाद्याला आमटीत गूळ चालत नाही तसं. चार मेल, दोन फोन झाले, तेव्हा कुठे ते वाक्य बदललं. त्या पीएम पोरीचा पण दोष नाही म्हणा, तिला मराठी येत नाही, तिच्यासमोर डॅशबोर्ड असतो आणि त्यात माझे बदल जास्त दिसत होते. आणि या सगळ्याच्या शेवटी एक सर्टिफिकेट येतं, की हे भाषांतर मूळ मजकुराशी तंतोतंत जुळतं असं मी प्रमाणित करते. खाली सही कुणाची? माझी. तिथे बरा ह्युमन टच लागतो!

हेच तर आहे सगळं. एअर कॅनडाच्या चॅटबॉटने एका माणसाला, ज्याची आजी वारली होती, तिकिटाच्या सवलतीबद्दल चुकीचं सांगितलं, आणि प्रकरण लवादापुढे गेलं तेव्हा कंपनीचं म्हणणं असं की चॅटबॉट स्वतःच्या बोलण्याला स्वतः जबाबदार आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये लवादाने ते उडवून लावलं आणि पैसे द्यायला लावले, पण असं म्हणावंसं वाटलं हेच बघा ना. तिकडे निदान चॅटबॉटवर ढकललं, आमच्याकडे पस्तीस पैशेवाली बाई आहेच.

इथे खरं तर आणखी दोन-तीन टिपा होत्या, "मराठीला अभिजात दर्जा मिळाला, आता एआय मराठी बोलणार" यावर एक चांगली होती. पण काल रात्री त्याच मेहुण्यांचा मेसेज आला. भाची परदेशी चाललीय, तिचा जन्मदाखला आणि मार्कशीट इंग्रजीत हवेत. "एआयकडून करून घेतलंय वहिनी, एकदम फर्स्ट क्लास झालंय. तुम्ही फक्त नजर फिरवा आणि सही-शिक्का द्या. घरचंच काम आहे."

बास. आता टिपा संपल्या.

अहो, तुम्हाला मशीनची भीती वाटत असती तर मी समजू शकले असते, मलाही वाटते, रात्री दोनला उठून हिशोब करते मी, किती वर्षं काढायचीत आणि एफडी किती आहे. तुम्हाला आशा वाटत असती तरी समजलं असतं, मी पण इंग्रजी मेल त्याच्याकडूनच नीट करून घेते, खोटं कशाला बोलू. पण तुम्हाला यातलं काहीच वाटत नाही. दुसऱ्याचं काम गेलं की तुम्हाला बरं वाटतं, एवढंच आहे. बावीस वर्षं माझं काम काय आहे ते एकदा विचारलं नाहीत, "घरी बसून टायपिंग करता ना?" म्हणायचात, आणि ते बंद होणार याची बातमी मात्र मलाच वाढायला आलात, पानावर! आणि 'घरचंच काम' म्हणता तेव्हा ज्याच्यावर सही करायची ते मी वाचायचं नाही, असं ना? त्या भाचीच्या जन्मदाखल्यात तारखेचा आकडा उलटा झाला तर व्हिसाच्या खिडकीवर कुणाला पुढे करणार आहात, चॅटजीपीटीला?

दाखला घेऊन या. मूळ मराठी, साक्षांकित प्रत. ते फर्स्ट क्लास झालेलं आणू नका, मी पहिल्यापासून करीन. शब्दाला सव्वा रुपया, शिक्क्याचे वेगळे, आणि ॲडव्हान्स.