क्रँक-अप टॉवरच्या वायर रोपला ग्रीस थापू नका

'क्रँक-अप टॉवरच्या वायर रोपला जाड ग्रीस थापलं की वर्षानुवर्षं बघायला नको,' असा सल्ला हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाल्या मंडळींत फिरतोय. तो चुकीचा आहे. (क्रँक-अप टॉवर म्हणजे हँडल फिरवून, तारांच्या दोराने म्हणजे वायर रोपने एकात एक बसणारे भाग वर-खाली करायचा अँटेनाचा टॉवर.) जाड ग्रीस वरवरच बसतं, धूळ धरून ठेवतं, आत शिरलेलं पाणी कोंडतं. रोप बाहेरून चकचकीत आणि आतून गंजलेला. टॉवर खाली असताना सैल रोप जरा वाकवून पाहा, आत गंज असेल तर पिळांमधून तांबूस भुकटी पडेल. आत झिरपणारं पातळ रोप-ऑईल फडक्याने लावा. ब्रेकवाल्या विंचच्या (रोप गुंडाळणाऱ्या हँडलच्या यंत्राच्या) घर्षण-चकत्यांना मात्र तेलाचा थेंबही नको! त्या घसरल्या की हँडल उलटं गरगरतं, हात मोडू शकतो. तुटकी तार बाहेर आलेली दिसली तर तेलाचा नाद सोडा, रोपच बदला. आणि उंचावलेल्या टॉवरवर चढू नका: वरचे सगळे भाग रोपावरच तोललेले असतात.