लॅव्हेंडर तेल आणि अँक्झायटी: त्या व्हायरल मेसेजला उत्तर

'लॅव्हेंडर तेलाचे दोन थेंब पाण्यात घालून प्या, अँक्झायटी दोन मिनिटांत गायब. जर्मनीत सिद्ध झालंय. नैसर्गिक आहे, अपाय शून्य. डॉक्टरांच्या गोळ्या बंद करा.' हा मेसेज बऱ्याच ग्रुपांवर फिरतोय. त्यातल्या एकेका दाव्याला उत्तर देणं मला गरजेचं वाटतं, कारण शेवटच्या वाक्याने माणसाच्या जिवावर बेतू शकतं.

'जर्मनीत सिद्ध झालंय.' यात तथ्य आहे, पण ते अर्धवट सांगितलंय. अभ्यास झाले ते 'सिलेक्सान' नावाच्या ठरावीक तेलावर. ८० मिलिग्रॅम तेल मऊ कॅप्सूलमध्ये बंद करून रोज तोंडावाटे दिलं गेलं. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ७७ रुग्णांवर सहा आठवडे त्याची लोराझेपाम या चिंतेवरच्या नेहमीच्या गोळीशी तुलना झाली. चिंता मोजणाऱ्या चाचणीतले गुण दोन्हीकडे जवळपास सारखेच उतरले. मात्र लोराझेपाम फक्त अर्धा मिलिग्रॅम होतं आणि प्लासिबो (औषध नसलेली, नुसती दिखाऊ गोळी) घेणारा गट नव्हता. २०१४च्या मोठ्या चाचणीत ५३९ जण होते. त्यात दहा आठवड्यांनी कॅप्सूल प्लासिबोपेक्षा सरस ठरली. हे निष्कर्ष मला आशादायक वाटतात. पण यातलं बरंचसं संशोधन उत्पादक कंपनीच्याच पैशाने झालंय, हेही वाचकाला कळायला हवं.

'दोन मिनिटांत.' वर दिलेले आठवडे पुन्हा वाचा.

'दोन थेंब पाण्यात.' तेल पाण्यात विरघळत नाही. ते वर तरंगतं आणि तसंच तोंडा-घशाला लागून जळजळ करतं. शिवाय थेंबाचं माप बाटलीगणिक बदलतं. औषध बनवणाऱ्यांची खरी मेहनत इथेच असते. युरोपीय औषधकोशात, म्हणजे औषधांच्या दर्जाच्या अधिकृत नियमावलीत, लॅव्हेंडर तेलासाठी लिनालूल आणि लिनालिल अ‍ॅसिटेट या मुख्य घटकांच्या प्रमाणाला बंधन आहे, कापराचा अंश १.२ टक्क्यांपुढे चालत नाही. लॅव्हँडिन या संकरित जातीच्या तेलात कापूर जास्त असतो. बाजारातल्या डिफ्युझरच्या (हवेत सुगंध पसरवणाऱ्या उपकरणाच्या) बाटलीत यातलं नेमकं काय आहे, की नुसता कृत्रिम सुगंध आहे, हे वास घेऊन ओळखता येत नाही. ती बाटली पिण्यासाठी बनवलेलीच नसते.

'नैसर्गिक, म्हणून अपाय शून्य.' कापूरही झाडापासून मिळतो, निलगिरीचं तेलही. दोन्ही लहान मुलांच्या पोटात गेल्याने झटके (आकडी, फिट) आल्याच्या नोंदी आहेत. लॅव्हेंडरमधल्या लिनालूलचा हवेशी संयोग झाला की त्यापासून त्वचेला अ‍ॅलर्जी करणारे पदार्थ तयार होतात. महिनोन्‌महिने उघडझाप झालेली बाटली म्हणूनच त्वचेला लावू नये. हुंगून बरं वाटत असेल तर जरूर हुंगा, त्याला माझी हरकत नाही.

'गोळ्या बंद करा.' लोराझेपाम, क्लोनाझेपाम, अल्प्राझोलाम यांसारख्या गोळ्या बरेच दिवस घेऊन अचानक सोडल्या तर तीव्र घबराट, निद्रानाश, अगदी झटकेही येऊ शकतात. त्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली, टप्प्याटप्प्यानेच कमी करायच्या असतात. हा मेसेज वाचून कुणी गोळी सोडली असेल तर आजच आपल्या डॉक्टरांना फोन करून सांगा. मन खूपच अस्वस्थ असेल तर सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालू असते आणि तिथे मराठीत बोलता येतं.