जिना धुण्याची पाळी

ऑगस्ट 2025 मध्ये वरळीच्या बी.डी.डी. चाळींतील 556 कुटुंबांना नव्या मनोऱ्यांतील घरांच्या किल्ल्या मिळाल्या, आणि त्याच आठवड्यात माझ्या मावसभावाने, म्हणजे आमच्या दादाने, घरच्या व्हॉट्सॲप गटावर चाळ संस्कृतीचा मृत्युलेख लिहिला. 160 चौरस फुटांच्या खोलीतून 500 चौरस फुटांच्या घरात निघालेल्या माणसांचे अभिनंदन करायचे सोडून त्याने त्यांची कीव केली होती. आता दारे बंद होतील, वाटीभर साखर मागायला कोणी येणार नाही, आपणही पाश्चात्यांसारखे होऊ, असा एकूण सूर होता. मी दोन ओळींत असहमती नोंदवली, तेव्हा त्याचे उत्तर आले, ‘तू तर बोलूच नकोस. तुमच्याकडे शेजारचा माणूस मेला तर वासावरून कळतं.’

या वाक्याला गटातील अकरा जणांनी अंगठा दाखवला, आणि त्यांपैकी एकही जण आज चाळीत राहत नाही. दादा स्वतः 1994 पासून डोंबिवलीत दोन बेडरूमच्या घरात राहतो, आणि त्याच्या दाराला लाकडी दाराबाहेर आणखी एक लोखंडी जाळीचे दार आहे.

मी ग्लासगोच्या पश्चिमेला नाइट्सवुडमध्ये 22 वर्षे राहते आहे. एका इमारतीत चार घरे, दोन खाली आणि दोन वर, अशी आमची रचना असून आमच्या खालच्या घरात राहणाऱ्या बाईंचा जन्म 1933 सालचा आहे. पाश्चात्यांना शेजार ठाऊक नसतो, हे दादाचे म्हणणे मी त्यांना सांगितले नाही, कारण त्यांना ते समजलेच नसते. बालपणाबद्दल बोलताना त्या ‘मी’ असा शब्द क्वचितच वापरतात. त्यांच्या तोंडी ‘आमचा क्लोज’, म्हणजे इमारतीचा सामाईक बोळ आणि जिना, असतो, जसे आम्ही ‘आमचा मजला’ म्हणत असू.

ग्लासगोच्याच पार्टिक भागातील एकाच खोलीच्या बिऱ्हाडात त्या जन्मल्या. भिंतीतल्या कोनाड्यात पलंग, त्याच खोलीत चूल, संडास अर्ध्या जिन्यावर आणि तो तीन बिऱ्हाडांत मिळून. 1938 साली त्यांच्या कुटुंबाला नाइट्सवुडच्या स्कीममध्ये, म्हणजे कॉर्पोरेशनने भाड्यासाठी बांधलेल्या वसाहतीत, घर मिळाले. ती तीन मजली इमारत होती आणि एका क्लोजमध्ये सहा बिऱ्हाडे होती, पण प्रत्येक घरात स्वतःचा संडास आणि न्हाणीघर होते. पहिल्या रात्री त्यांच्या आईने चारही मुलांना एकापाठोपाठ एक टबात बसवले आणि नंतर स्वतः दार लावून इतका वेळ आत राहिली की वडिलांना दार ठोठवावे लागले. ही गोष्ट त्या दरवेळी हसून सांगतात, आणि मला दरवेळी नायगावची आमची मोरी आठवते, जिच्यावर साडीचा पडदा लावून आईची अंघोळ होत असे.

त्यांच्या क्लोजमध्ये कोणाचेच दार खऱ्या अर्थाने बंद नसे. टपालाच्या फटीतून आत दोरी सोडून तिला किल्ली बांधलेली असायची, आणि कोणीही दोरी ओढून घरात शिरत असे. जिना धुण्याची पाळी बिऱ्हाडागणिक फिरे. ज्या घराची पाळी, त्याच्या दाराच्या मुठीला तसे छापील कार्ड अडकवलेले असे, आणि कार्ड लटकूनही जिना कोरडाच दिसला तर रविवारपर्यंत त्या बाईची अब्रू सबंध रस्त्यावर चघळली जाई. कोळसेवाल्याच्या घोड्याला पावाचा तुकडा कोणी द्यायचा, याचीही मुलांमध्ये पाळी होती. त्या घोड्याचे नाव प्रिन्स.

युद्ध सुरू झाले तेव्हा क्लोजच्या तोंडाशी विटांची आडभिंत उभी राहिली. 13 मार्च 1941 च्या चांदण्या रात्री जर्मन विमाने क्लाइडबँकवर आली. जॉन ब्राउनची जहाजगोदी आणि सिंगरचा शिलाई यंत्रांचा कारखाना तिथे होता, आणि क्लाइडबँक आमच्या वस्तीपासून हाकेच्या अंतरावर आहे. सहाही बिऱ्हाडे तळमजल्याच्या बोळात एकमेकांना चिकटून बसली होती. सिंगरच्या लाकूड वखारीची आग इतकी मोठी होती की आडभिंतीच्या फटीतून येणाऱ्या उजेडात आपल्या हातावरच्या रेषा दिसत होत्या, असे बाई सांगतात. त्याच रात्री वस्तीतील बँकहेड शाळेवर पडलेल्या पॅराशूट सुरुंगाने तिथे नागरी संरक्षणाच्या कामावर असलेल्या अनेकांचा बळी घेतला. विमाने दुसऱ्या रात्रीही आली. दोन रात्रींत क्लाइडबँकमध्ये 500 हून अधिक माणसे मेली, सुमारे 35,000 बेघर झाली, आणि गावातील सुमारे 12,000 घरांपैकी ज्यांना ओरखडाही उठला नाही अशी घरे बोटांवर मोजण्याइतकी राहिली. बाईंच्या आईने पाच जणांचे एक अनोळखी कुटुंब सात आठवडे पुढच्या खोलीत ठेवून घेतले. त्यासाठी कोणाला विचारले नाही आणि पुढे त्याबद्दल फारसे बोललीही नाही. शेजार माहीत नसलेल्या समाजाची ही तऱ्हा मी दादाला लिहून कळवणार होते, पण त्याने तेवढ्यात गणपतीच्या सजावटीचे फोटो टाकले आणि चर्चा भलतीकडे गेली.

मला जे म्हणायचे आहे ते असे, की शेजारधर्माला राष्ट्रीयत्व नसते. त्याला टंचाई लागते, आणि भाडे परवडत असल्यामुळे वर्षानुवर्षे तिथेच राहणारी माणसे लागतात. चाळ आणि स्कीम या तर एकाच काळातल्या वस्त्या आहेत. पहिल्या महायुद्धानंतर कामगार बिथरतील या धास्तीने ब्रिटनमध्ये 1919 साली घरबांधणीचा कायदा झाला, आणि 1924 साली पहिल्या मजूर सरकारातील मंत्री, ग्लासगोचेच खासदार जॉन व्हीटली यांनी त्याला आणखी भक्कम अनुदानाची जोड दिली; नाइट्सवुडचे बांधकाम त्याच सुमारास, 1923 मध्ये सुरू झाले होते. मुंबईत गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांनी 1920 साली विकास खाते, म्हणजेच ‘बी.डी.डी.’, काढले आणि वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी येथे 207 चाळी उठवल्या. एकाच साम्राज्याने एकाच दशकात एका कामगाराला न्हाणीघर व परसबाग दिली आणि दुसऱ्याला एक खोली, एक मोरी व मजल्याच्या टोकाला सामाईक संडास दिला. हा फरक तेव्हाच एका स्कॉटिश माणसाच्या डोळ्यांवर आला होता. 1919 पासून मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र शिकवणाऱ्या पॅट्रिक गेडिस यांनी या एकखोली चाळींना माणसांची गोदामे म्हटले. शंभर वर्षांनी आपण त्या गोदामांनाच संस्कृती म्हणतो आहोत, आणि म्हणणाऱ्यांत गोदामातून सर्वांत आधी बाहेर पडलेलेच पुढे आहेत.

या जवळिकीचा कधी उपयोग झालाच नाही, असे मी म्हणत नाही. 1915 साली ग्लासगोच्या गव्हन भागात घरमालकांनी युद्धाचा फायदा घेऊन भाडी वाढवली, तेव्हा मेरी बार्बर यांच्या मागे क्लोजा-क्लोजातल्या बायका उभ्या राहिल्या. जप्तीचा माणूस दिसला की घंटा वाजे, आणि वरून त्याच्या अंगावर पिठाचा मारा होई. त्याच वर्षी सरकारला भाडी गोठवण्याचा कायदा करावा लागला. 1972 नंतरच्या महागाईत मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्यामागे लाटणी घेऊन निघालेल्या बायकांत माझी आई होती, असे ती सांगत असे. घंटा असो की लाटणे, बोळात एकमेकींचा आवाज पोहोचत होता, म्हणून ते जमले. मात्र त्याच बोळात, कोणाच्या घरी पगार आला नाही, कोणाची मुलगी उशिरा परतली आणि कोणाच्या अंगणात दोरीवर काय वाळत आहे, यावरही पहारा असे. आमच्या मजल्यावरच्या एका मुलीचे लग्न या पहाऱ्याने मोडले होते. दादाच्या मृत्युलेखात ती नाही.

ती नव्हती म्हणून मला राग आला, हे खरे. पण बाईंच्या आठवणींतही एक गोष्ट पंधरा वर्षे नव्हती. त्यांच्याकडे कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट मुलांच्या शाळा वेगळ्या, फुटबॉलचे संघ वेगळे, आणि प्रॉटेस्टंटांच्या जुलैच्या मिरवणुकीच्या दिवशी एकाच क्लोजमधील दोन घरांचे बोलणे बंद, हे त्या सहज सांगत. जून 1940 बद्दल मात्र त्यांनी मला गेल्या हिवाळ्यात प्रथमच सांगितले. 10 जूनला इटलीने युद्ध पुकारले आणि त्या रात्री स्कॉटलंडच्या अनेक गावांत जमावाने इटालियन लोकांची आइस्क्रीमची दुकाने फोडली. डंबार्टन रोडवरच्या दुकानाची काच फोडणाऱ्यांत बाईंचा थोरला भाऊ होता. हा दुकानदार त्यांना दर शनिवारी बिस्किटावर चमचाभर आइस्क्रीम जास्त घालून देई. भावाने हिरव्या आंबट गोळ्यांची बरणी घरी आणली, आई काहीच बोलली नाही, बरणी कपाटात गेली आणि सहा आठवडे पुरली. ज्या आईने पुढच्या वर्षी पाच अनोळखी माणसे घरात घेतली, तीच ही आई. ‘त्या गोळ्या मी खाल्ल्या, हेन,’ असे इथल्या लाडाच्या हाकेने मला सांगून बाई खिडकीबाहेर पाहत राहिल्या. धरपकड झालेल्या इटालियन पुरुषांपैकी अनेकांना कॅनडाकडे नेणारे अरंडोरा स्टार हे जहाज 2 जुलैला पाणतीराने बुडाले आणि त्यात 400 हून अधिक इटालियन मेले. डंबार्टन रोडवरच्या दुकानाच्या फळ्या युद्ध संपेपर्यंत तशाच होत्या.

आमच्याकडे जानेवारी 1974 मध्ये वरळीच्या याच चाळींत दलित आणि सवर्ण यांच्यात दंगल पेटली होती. एका चाळीच्या गच्चीवरून दुसऱ्या चाळीवर दगड पडत होते. मी तेव्हा सात वर्षांची होते. नायगावात आम्हाला आठवडाभर खाली खेळायला सोडले नव्हते, आणि कारण विचारले तर ‘तिकडची माणसं’ एवढेच उत्तर मिळे. वाटीभर साखर त्या वर्षीही फिरतच होती. ती कोणत्या दारांपर्यंत जायची, हे ठरलेले होते.

दादाचे एक म्हणणे मला मान्य करावे लागते, आणि ते गटावर लिहायला मी धजत नाही. 1980 च्या कायद्याने भाडेकरूंना कॉर्पोरेशनची घरे विकत घेण्याचा हक्क मिळाला, आणि 2016 मध्ये तो रद्द होईपर्यंत स्कॉटलंडमध्ये सुमारे 5 लाख घरे विकली गेली. आमचेही घर तसेच विकलेले, दुसऱ्या हाताने आमच्याकडे आलेले. आज आमच्या रस्त्यावर दारोदार कॅमेऱ्याच्या घंट्या आहेत, आणि समोरच्या माणसाला मी त्याच्या निळ्या कचरापेटीवरून ओळखते. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी खालचे पडदे अकरा वाजेपर्यंत उघडले नाहीत. मी जिन्यात उभी राहून, दार वाजवणे आगाऊपणाचे तर होणार नाही ना, असा विचार पाऊण तास करत होते. बाई फक्त उशिरा उठल्या होत्या. तो पाऊण तास मी दादाला कधीच सांगणार नाही.

बाईंनाही मी बरीच वर्षे एक गोष्ट सांगितली नव्हती. त्या अर्ध्या जिन्यावरच्या संडासाविषयी न संकोचता बोलत, आणि मी मात्र पहिल्या वर्षीच त्यांना सांगून टाकले होते, की आमचे मुंबईच्या मध्यभागी अपार्टमेंट होते. त्यांनी ते खरे मानले. पुढे कधी विषय निघाला तर मी समुद्राविषयी बोलत असे. वरळीच्या किल्ल्यांची बातमी आली, दादाशी माझे वाजले, त्यानंतरच्या एका दुपारी मी त्यांच्यासमोर फोनवर आमच्या चाळीचा फोटो धरला आणि सगळे सांगितले. एका मजल्यावर वीस खोल्या, मधून बोळ, आमच्या खोलीत सात माणसे, टोकाला संडास. मला ऐन वेळी फार शरम वाटली, पण त्यांना त्यात काही विशेष दिसले नाही. त्यांनी फोटो मोठा करून जिना पाहिला. मग मी वीसच्या वीस बिऱ्हाडांची आडनावे त्यांना दारांच्या क्रमाने म्हणून दाखवली, आणि त्या खूश झाल्या, कारण हा खेळ त्यांच्या ओळखीचा होता.

‘आणि एवढा जिना धुवायचं कोण? पाळी कशी लावायचात?’

आमच्याकडे पाळी नव्हती. रोज सकाळी एक माणूस बादली आणि खराटा घेऊन येई, तो आला की आम्ही मुले भिंतीला चिकटून उभी राहत असू, आणि दिवाळीला आई त्याच्यासाठी फराळ काढून ठेवी तो वर्तमानपत्राच्या कागदावर, ताटलीत नव्हे. यातले फक्त पहिले वाक्य मी बाईंना सांगितले.

‘त्याचं नाव काय होतं?’ असे त्यांनी सहज विचारले. ज्या बाईला 87 वर्षांनंतरही कोळसेवाल्याच्या घोड्याचे नाव ठाऊक आहे, तिने दुसरे काय विचारायचे? मी कपबशा उचलून सिंककडे गेले.