बारा, तेरा आणि माझा खांदा

कार्प माशासाठी किती फुटी रॉड, म्हणजे गळाची काठी, घ्यावा, हा प्रश्न चार गळवाल्यांत कधी मोठ्याने विचारू नये. एरवी ही माणसं तासन्‌तास तोंडातून शब्द काढत नाहीत; मासे बिचकतात म्हणे. पण हा प्रश्न कानावर पडला की माशांची काळजी सोडून सगळे आपापल्या खुर्च्या सरकवत जवळ येतात. एक बाराचा, दुसरा तेराचा. तिसरा डोळ्यांवर पोलराइज्ड चष्मा चढवून, नऊ फुटी रॉड घेऊन काठाकाठाने हिंडणारा. तो या दोघांकडे बघून नुसता हसतो. त्याच्या हसण्याने या दोघांचा आवाज चढतो आणि मूळ प्रश्न विचारणारा मी बाजूलाच राहतो.

बारा फूट हा कार्पच्या रॉडचा रूढ आकडा. सहा-सहा फुटांचे दोन तुकडे, गाडीत तिरके घातले की बहुधा बसतात. तेराचे तुकडे साडेसहा फुटांचे. तो जास्तीचा अर्धा फूट नेमका गाडी चालवणाऱ्याच्या कानाशी येतो. रॉडच्या माहितीपत्रकात हा कान कुठेच नसतो.

तेराची बाजू लढवणारा आमचा मित्र हिशेबाला पक्का. त्याने मला बसवून समजावलं, "हे बघ, रॉड लांब म्हणजे टोक मोठ्या वर्तुळात फिरणार. बाराचे तेरा केलेस की टोकाचा वेग आठ टक्क्यांनी वाढला. अंतर वाढतं वेगाच्या वर्गाने, म्हणजे सतरा टक्के फुकट! सत्तर मीटर टाकणारा माणूस ब्याऐंशीवर गेला की नाही?"

वहीत गेला, यात शंका नाही. वहीत वारा नसतो. शिवाय या हिशेबात एक गोष्ट गुपचूप धरून चाललेली आहे: लांब रॉडही तुम्ही आखूड रॉडच्याच झपाट्याने फिरवणार. इथे माझा खांदा मध्ये पडतो. टोकाचं शिसं, म्हणजे गळ लांब जावा म्हणून लाइनला (गळाच्या दोरीला) बांधलेलं वजन, त्याच झपाट्याने फिरवायला लागणारा जोरसुद्धा लांबीच्या वर्गानेच वाढतो. म्हणजे सतरा टक्के अंतर पदरात टाकायचं आणि तेवढाच जोर आधी वसूल करायचा. वर रॉडचं स्वतःचं वजन आणि हवेचा अडथळा वेगळाच. उंचापुऱ्या, लांब हातांच्या, फेकीचं तंत्र अंगात मुरलेल्या माणसाला तेरा फुटी रॉड खरंच पुढे नेतो, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. माझी उंची बेताची आणि खांदा सकाळी उठल्यावरच कुरकुरणारा. शर्ट घेताना माणसाची छाती मोजतात. रॉड घेताना मात्र सगळे तलावाची रुंदी मोजत बसतात.

लांबी कशीबशी ठरतेय तोवर कोणीतरी टेस्ट कर्व्ह काढतं. रॉडचं टोक दांड्याशी काटकोनात वाकवायला जितक्या पौंडांची ओढ लागते, तो हा आकडा. ढोबळ नियम असा की जितके पौंड तितके औंस शिसं त्या रॉडला मानवतं. तीन पौंडी रॉडला तीन औंस, म्हणजे पंच्याऐंशी ग्रॅमच्या आसपास. मग लोक त्याच शिशाला खाद्याने भरलेली विरघळणारी पिशवी जोडतात, तिचं वजन कोणी धरत नाही, आणि रॉडने मान टाकली की म्हणतात लांबी कमी पडली! आमच्यात कुठलंही दुखणं असो, औषध एकच: अजून एक फूट.

खरी गंमत फेकीच्या क्षणी. लांब टाकायचं तर शिसं टोकापासून साधारण निम्म्या रॉडपर्यंत लोंबतं सोडायचं. उजव्या हाताच्या बोटांमध्ये रिळाचा पाय, तर्जनीच्या पेरावर लाइन अडकवलेली. लाइन ब्रेडची, म्हणजे बारीक धागे विणून केलेली असेल तर बोटावर चामड्याची टोपी, नाहीतर बोट कापलंच. डावा हात दांड्याच्या अगदी बुडाशी. नवखा माणूस सगळा जोर उजव्या हाताने ढकलण्यात घालवतो. खरा कारभार डाव्याचा: तो छातीकडे खेचला की रॉड वाकतो, आणि सरळ होता होता शिसं भिरकावतो. लाइन बारीक असेल आणि पुढे लीडर, म्हणजे जाड लाइनचा तुकडा, बांधलेला नसेल, तर याच क्षणी 'फट्' असा आवाज होतो. शिसं एकटंच पुढे जातं, फार लांब जातं, आणि कोणाला लागलं तर जीवावर बेतेल इतक्या जोरात जातं. म्हणून दर औंसाला दहा पौंड ताकदीचा लीडर हा नियम. तीन औंसाला तीस पौंडी. यावर मात्र काठावर कधी मतभेद होत नाहीत.

आता जरा मागे वळून बघा. तसं कोणी बघत नाही, म्हणून सांगतो. तेरा फूट रॉड, त्याखाली साडेसहा फूट लोंबतं शिसं; हे सगळं तुमच्या पाठीमागून फिरून येणार. त्याला वीसेक फूट मोकळी जागा हवी, आणि डोक्यावरही आभाळच हवं. माहितीपत्रकातल्या तलावांच्या काठी गवत असतं, झाडं नसतात. मी बसतो तिथे मागे झाड आहे, त्याला फांद्या आहेत, आणि त्या फांद्यांवर आमच्याआधी येऊन गेलेल्यांची शिशी लटकलेली आहेत. कोणाचा रॉड किती फुटी असावा, ते शिसं कुठल्या फांदीला आहे त्यावरून सांगता येतं.

बरं, गेलं किती लांब, हे कसं कळणार? काठावर दोन खुंट्या बारा फुटांच्या अंतराने रोवतात आणि लाइन एकीवरून दुसरीकडे नेत मोजतात. एक फेरा म्हणजे बारा फूट, साडेतीन मीटरच्या किंचित वर. माणूस अंतर सांगताना कितीही सढळ असला तरी खुंट्या कंजूष असतात. आमचा हिशेबी मित्र नेहमी "शंभर मीटर तर सहज" टाकायचा. खुंट्यांवर जुन्या बारा फुटी रॉडने भरले एकोणीस फेरे, म्हणजे जेमतेम सत्तर मीटर. म्हणूनच त्याने तेरा फुटी आणला. पुन्हा मोजलं, तर फेरे झाले साडेसतरा! तो हादरलाच. नवा रॉड उलट्या दिशेने काम करतो की काय, म्हणून त्याने रिंगा तपासल्या, रीळ उघडलं, वाऱ्याला शिव्या घातल्या. खुंट्यांमधलं अंतर रॉड आडवा ठेवून मोजायची आमच्यात रीत आहे. त्याने ते नव्या रॉडने मोजलं होतं. फेरा तेरा फुटांचा झाला होता आणि शिसं होतं तिथेच पडत होतं. हे त्याला सांगितल्यावर त्याचा चेहरा जरा उजळला, मग दुसरं वाक्य लक्षात येऊन पुन्हा पडला.

नेमकेपणाची गोष्ट आणखी वेगळी. कार्प काही सत्तर मीटरचा दाखला मागत नाही; त्याला खाद्य तिथे हवं जिथे तो चरतो, आणि ती जागा म्हणजे बरेचदा पाणवनस्पतींमधला टेबलाएवढा मोकळा तुकडा. सत्तर मीटरवर फेकीची दिशा तीन अंशांनी चुकली तर शिसं साडेतीन मीटरहून जास्त बाजूला पडतं. तेच एकशेदहा मीटरवर जवळजवळ पावणेसहा मीटर! लांबीची चूक रिळावरच्या क्लिपमध्ये लाइन अडकवून आवरता येते. शिसं क्लिपला धडकण्याआधी रॉड उंच करून धक्का झेलायचा, म्हणजे ते उलटं उसळत नाही. दिशेला क्लिप नसते. समोरच्या काठावरचं एक झाड हेरायचं, शिसं कमी लोंबतं ठेवायचं आणि शिसं ताब्यात राहील इतक्याच जोरात टाकायचं. हे दहा फुटी रॉडने माझ्या खांद्याला जमतं. तेराचं टोक फेक संपल्यावरही थरथरत असतं. माझ्या हातात तरी.

तेव्हा मी दहा फुटी, तीन पौंडी घेतला. फांद्यांखालून बाजूने टाकता येतो आणि पन्नास-साठ मीटरपर्यंत बोलेल तिथे पडतो. मोठ्या उघड्या पाण्यात लांबच्या लाइनचा ढिलेपणा एका झटक्यात उचलायचा तर लांब रॉडच बरा, हे मी लिहून द्यायला तयार आहे. पण मासा लागल्यावर तोच रॉड माशाच्या बाजूने तरफेचं काम करतो आणि मनगट आपलं असतं.

याचं प्रात्यक्षिक मित्रानेच दिलं. कार्प लागला, बरा होता, आणि काठाशी आला. आता तो जाळीत घ्यायचा. जाळीचा दांडा सहा फुटी, माझ्या हाती. तेरा फुटी रॉडला लागलेला मासा काठाजवळ आणायचा तर रॉड मागे न्यावा लागतो, किंवा रॉडवाला.

"अरे, मागे सर!" मी ओरडलो.

"मागे झुडूप आहे!"

"मग रॉड वर कर!"

"वर फांदी आहे!"

"मग बाजूला चल!"

"बाजूला तुझी खुर्ची आहे!"

कार्पने एवढ्यात दोन चकरा मारल्या. शेवटी मित्राने डोळे मिटले आणि मागे पाऊल टाकलं. कार्प जाळीत गेला आणि मित्र झुडपात. मी मासा ओल्या गादीवर ठेवला, गळ काढला, त्याच्यावर पाणी ओतलं. झुडपातून आवाज आला, "किती किलोचा रे?"

"वजन करतो," मी म्हटलं, "तू आधी टोक कुठल्या फांदीत गेलंय ते बघ."