‘डिलीट केलं की गेलं’ हे बाबांना कुणी सांगितलं?

बाबा जुना कॉम्प्युटर ओळखीतल्या एका मुलाला देणार होते. “सगळं पुसलंय, रीसायकल बिनसुद्धा रिकामा केलाय,” ते मला खात्रीने म्हणाले. हा सल्ला त्यांना ‘घरच्या कॉम्प्युटरवरची माहिती जपा’ या पाच मुद्द्यांच्या फॉरवर्डमधून मिळाला होता. मलाही तो तिघांनी पाठवलाय.

पहिला मुद्दा: फाइली डिलीट करा, बिन रिकामा करा, फॉरमॅट मारा, मग कॉम्प्युटर कुणालाही द्या.

साफ चूक. हार्ड डिस्कवरची फाइल डिलीट केली की ‘ही जागा मोकळी’ एवढीच नोंद होते. तिथे दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत मजकूर तसाच असतो. क्विक फॉरमॅटही फक्त नोंदवही नवी करतो. बाबांच्या डिस्कवर मी फाइली परत मिळवणारा एक फुकट प्रोग्रॅम चालवला. आईचे तपासणीचे रिपोर्ट, बँकेची स्टेटमेंट, भावाच्या पासपोर्टचं स्कॅन, सगळं वर आलं. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत.

हे फक्त आमच्याच घरात घडलं असंही नाही. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठातले सिमसन गारफिंकेल आणि त्यांच्या सहकाऱ्याने वापरलेल्या १५८ हार्ड डिस्क विकत घेऊन तपासल्या आणि २००३ साली निष्कर्ष छापले. त्यातल्या १२९ चालू होत्या आणि नीट पुसलेल्या निघाल्या फक्त १२. क्रेडिट कार्डांचे ५,००० हून जास्त क्रमांक त्यांच्या हाती लागले. अभ्यास जुना आहे, पण हार्ड डिस्कवर डिलीटची रीत आजही तीच आहे.

एक मान्य करावं लागेल: व्हिस्टापासून पुढच्या विंडोजमध्ये पूर्ण फॉरमॅट केला तर डिस्कभर शून्यं लिहिली जातात. पण क्विक की पूर्ण, याबद्दल फॉरवर्डमध्ये एक शब्द नाही, आणि क्विकची खूण आधीपासूनच लावलेली असते. त्यापेक्षा ‘रीसेट धिस पीसी’मध्ये ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ निवडा आणि सेटिंगमध्ये ‘क्लीन डेटा’ चालू करा. वेळ लागतो, लागू द्या. एसएसडी (चिपवर माहिती साठवणारी डिस्क) असेल तर पहिल्या दिवसापासून विंडोजमधल्या बिटलॉकरसारखं एन्क्रिप्शन, म्हणजे किल्लीशिवाय माहिती वाचता येऊ न देणारी सोय, चालू ठेवलेलं सगळ्यात बरं.

दुसरा मुद्दा, इन्कॉग्निटोमध्ये, म्हणजे ब्राउझरच्या खासगी खिडकीत, मागे काहीच उरत नाही. उरतं. डाउनलोड केलेल्या फाइली जागेवरच राहतात, आणि इंटरनेट पुरवणाऱ्याला तुम्ही कोणत्या साइटवर गेलात हे कळू शकतं.

तिसरा, अपडेट बंद ठेवा, कंपन्या त्यातून हेरगिरी करतात. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसने जगभरचे कॉम्प्युटर कुलूपबंद केले. तो ज्या भोकातून शिरला ते बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलं होतं.

चौथा, दर महिन्याला पासवर्ड बदला. लोक मग जुन्याच पासवर्डाच्या शेवटी एक आकडा वाढवतात. लांब आणि प्रत्येक ठिकाणी वेगळा ठेवा. फुटल्याची शंका आली तर लगेच बदला.

पाचवा, कॅमेऱ्यावर चिकटपट्टी. लावा, हरकत नाही. माइक मात्र त्याने बंद होत नाही.

बाबांच्या कॉम्प्युटरची डिस्क आता पूर्ण पुसून होतेय. तो मुलगा दोन दिवस थांबायला तयार आहे.