पोपटाला बांधलं कुणी?

आपल्याकडे पुस्तकावर लिहायच्या दोनच तऱ्हा. एक तर ‘अंतर्मुख करणारं’, ‘काळजाला हात घालणारं’ वगैरे हार घालायचे, नाहीतर लेखक कुठल्या गोटातला ते बघून त्याला सोलून काढायचं. पुस्तकात नेमकं काय लिहिलंय हे दोन्हीकडे सांगावं लागत नाही, ही मोठीच सोय. सवय शाळेपासूनची. दहावीच्या कवितेचं रसग्रहण म्हणजे आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य आणि भाषिक वैशिष्ट्यं असे तीन खण भरायचे. मुलं बिचारी कुठल्याही कवितेला चालेल असं उत्तर पाठ करतात आणि मार्कही मिळवतात.

मग कुणीतरी विचारतंच, समीक्षा हवी कशाला? साहित्य थेट माणसाशी बोलतं, मध्ये हा भटजी कोण? प्रश्न रास्त आहे. पण साहित्य माणसाबद्दल जे सांगतं ते तात्पर्यात फारसं नसतंच. ते बारकाव्यात असतं, आणि आपल्याला तात्पर्याची घाई असते. ‘थांब, हे बघितलंस का?’ असं म्हणणारं कुणीतरी शेजारी लागतं.

ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय घ्या. आपणच आपला बंधू, आपणच आपला शत्रू, असं गीता तिथे सांगते. तात्पर्य एवढ्यातच हाती आलं, पुढे वाचायचं कारण नाही. पण शके 1212 मध्ये, म्हणजे इसवी सन 1290 साली, ज्ञानदेव या एका वाक्यापाशी पोपट धरायची नळी घेऊन बसतात. ही नळी दोरीत आडवी ओवलेली असते. पोपट येऊन टेकला की त्याच्याच वजनानं ती गर्रकन फिरते आणि तो खाली डोकं वर पाय असा लोंबकळतो. पाय सोडले की उडून जाईल. तो सोडत नाही. उगाच मान पिळतो, छाती आखडून घेतो आणि नळी आणखी घट्ट धरतो.

दृष्टान्त काही ज्ञानदेवांच्या घरचा नव्हे. शुकनलिकान्याय म्हणून तो शास्त्री-पंडितांच्या ओळखीचा. ज्ञानदेवांची करामत अशी की ते पोपटाच्या डोक्यात शिरतात:

म्हणे बांधला मी फुडा । ऐसिया भावनेचिया पडे खोडां ।
कीं मोकळिया पायांचा चवडा । गोंवी अधिकें ॥

मी पुरता बांधला गेलोय असं त्याच्या मनानं घेतलं, आणि मोकळा असलेला पाय त्यानं आपल्याच हातानं (पोपटाला हात नसतात, पण चालवून घ्या) आणखी गुंतवला. पुढच्या ओवीत तर अर्धा तोडून नेला तरी तो सोडत नाही. याला ‘अज्ञानाचं वर्णन’ असा शिक्का मारून पान उलटता येईल. मला मात्र त्यात भेदरलेल्या जिवाची तंतोतंत हालचाल दिसते. कधीच संपलेला संसार ओढत नेणारे, वकिलाच्या फीत शेत गेलं तरी सख्ख्या भावाशी बांधाचा दावा न सोडणारे तुमच्याही ओळखीत असतील. त्यांना समजावायला गेलात की ते हेच म्हणतात, माझे हात बांधलेत.

ज्ञानेश्वरीतल्या अशा ऐहिक वस्तूंकडे डोळे उघडून बघायला मला समीक्षक म. वा. धोंडांनी शिकवलं. ‘ज्ञानेश्वरीतील लौकिक सृष्टी’ या त्यांच्या पुस्तकाला 1997 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. तरी पारायणं उदंड आणि धोंड वाचणारे मोजके, असो.

आता या पोपटाशेजारी बाबूराव बागुलांची ‘जेव्हा मी जात चोरली होती’ ही कथा ठेवा. 1963 साली आलेल्या त्याच नावाच्या संग्रहातली. रेल्वेत नोकरी लागलेला दलित तरुण परगावी जातो. डोक्यावर छप्पर हवं म्हणून जात लपवून राहतो. पुढे जात उघडी पडते आणि त्याला बेदम मार बसतो.

या तरुणाला जाऊन सांगा, बाबा रे, तुला कुणी बांधलेलं नाही, नळी सोड! जीभ रेटणारच नाही. त्यानं काहीच धरलेलं नाही, उलट सोडायचाच प्रयत्न केला म्हणून तर मार खाल्ला. म्हणजे ओवी सगळ्या माणसांना लागू नाही. बंधन मनाचं असतं हे खरं, पण कुणाच्या मनाचं? बागुलांच्या कथेत नळीला लोंबकळणारे मारणारे आहेत. कालपर्यंत ज्याच्याशी बोलत-हसत होते त्याची जात कळल्याबरोबर त्यांची मूठ आवळते. आणि कथेच्या शेवटी तो तरुण म्हणतो काय, तर मला यांनी नाही, मनूनं मारलं! स्वतःच्या अंगावर वळ असताना त्याला मारणाऱ्यांच्या हातामागचा हात दिसतो. नुसतं ‘दाहक वास्तव’ म्हणून मोकळं होणाऱ्याला हे वाक्य ऐकूच येत नाही.

फडके-खांडेकरांच्या काळापासून कला कलेसाठी की जीवनासाठी हा वाद आपण चघळतोय. मला त्यात राम वाटत नाही. पोपटाचा चवडा नीट बघणं ही कला की जीवन? सांगा बरं.

कुणी म्हणेल, ज्ञानदेव आणि बागुल यांना एका ओळीत बसवणं ही ओढाताण आहे. दोघांत पावणेसातशे वर्षं, आणि एक मोक्षाबद्दल बोलतोय तर दुसरा भाड्याच्या खोलीबद्दल. कबूल. ज्ञानदेवांच्या मनात हा अर्थ नव्हता, हेही कबूल. पण मी पुस्तकं एकमेकांसमोर बसवूनच वाचतो, त्यांची भांडणं लागली की मला माणूस जरा जास्त कळतो. ज्यांना पटत नसेल त्यांनी कमेंटमध्ये यावं, फक्त ‘भावना दुखावल्या’ असं मोघम नको. अध्याय सहा, ओव्या 76 ते 79. प्रतीप्रमाणे एखादा आकडा पुढेमागे होईल. कथेतलंही वाक्य काढून दाखवा, मग भांडू.